उरलेली अर्धी

"हृदयाची गोळी एकदम बंद करायची नाही हं," डॉक्टरांनी बजावलं होतं. "हृदय बिथरतं. आधी अर्धी, मग पाव."

म्हणून रोज सकाळी मी ब्लेडने गोळी कापायचे. एक तुकडा तोंडात, उरलेला बशीत, उद्यासाठी. दुसऱ्या दिवशी बघावं तर बशी रिकामी. सूनबाई म्हणायची, "आई, तुम्हीच घेतली असेल." म्हणजे माझंच डोकं ठिकाणावर नाही!

गोळी कमी झाली तशी छाती धडधडू लागली. दुपारी पडलं की झोप कुठली आणि जाग कुठली, कळायचं नाही. मग पलंगावरच्या दुसऱ्या उशीला कान लावायचे. आत ठोके ऐकू यायचे, संथ, निवांत. ऐकता ऐकता डोळा लागायचा. उशी मीच शिवलेली, कापूसही मीच भरलेला. सांगणार कुणाला?

काल शेवटचा तुकडा गिळला. पाकीट संपलं. बशीत काहीच ठेवलं नाही.

आज माझी छाती शांत आहे. उशा उन्हात टाकायच्या म्हणून सूनबाईने ती दुसरी उशी उराशी धरून उचलली आणि जागीच थबकली.

"आई," ती पुटपुटली, "ही एवढी का धडधडतेय?"