तिखट जीभ

“परत वाच,” बुरुलचा म्हणाली. “आणि सावकाश. एक शब्द गाळू नकोस.”

कुंदूझने फोन चेहऱ्याजवळ धरला. मघाशी एकदा वाचून दाखवलं होतंच. पण सासूपुढे ‘कशाला’ म्हणायची सोय नव्हती.

“‘या बाईचं तोंड तिच्या रश्श्यापेक्षा आंबट आहे. शेवया कालच्या आणि हसू फक्त गिऱ्हाइकापुरतं. घरात सून उभ्याउभ्या जेवते. बसली, तर हिच्या डोळ्यांत खुपतं.’”

“संपलं?”

“संपलं, आपा.”

बुरुलचाने लाटणं असं आपटलं की पिठाचा धुरळा उडाला.

किर्गिझस्तानातल्या काराकोलच्या बाजारात आशल्यान-फू विकणाऱ्या बायकांची अख्खी ओळच आहे. गार शेवया, वर आंबट-तिखट रस्सा, सोबत तळलेलं बटाट्याचं पिरोश्की. सगळ्यांची चव जवळपास सारखीच. म्हणून कुंदूझने इन्स्टाग्रामवर दुकानाचं पान उघडलं होतं. बुरुलचा तेव्हा हसली होती. “काचेवर बोटं घासून कुणाचं पोट भरलंय, सूनबाई?”

आणि खरंच, सुरुवातीला काही झालं नाही. मिरचीच्या फोडणीचे, पांढऱ्या शेवयांचे व्हिडिओ कुंदूझच्या बहिणी बघायच्या आणि मॉस्कोत टॅक्सी चालवणारा तिचा नवरा तालाय बघायचा. बस.

मग ‘तिखट जीभ’ आली. याच नावाने कुणीतरी प्रत्येक व्हिडिओखाली विष ओतायला लागलं. आणि नवल असं, की ते विष वाचून माणसं यायला लागली. कुणी शेवया खरंच शिळ्या आहेत का बघायला, कुणी बुरुलचाची बाजू घ्यायला, तर कुणी नुसतं तिचं तोंड बघायला.

“लिही,” बुरुलचा कमरेवर हात ठेवून म्हणाली. “‘एवढी तिखट जीभ आहे, तर ये माझ्याकडे. रश्श्यात बुडवून गार करून देते.’ लिहिलंस?”

“लिहिलं.”

दुपारपर्यंत ते गावभर झालं. बाकांवर बसायला जागा उरली नाही.

कुंदूझ सुरी घेऊन शेवया कापत राहिली. सुरी फळीत रुतत होती. वसंतात तिला राजधानीत, बिश्केकच्या नर्सिंग शाळेत जागा मिळाली होती. “मग इथं शेवया कोण कापणार? मी?” एवढंच बुरुलचा म्हणाली होती. तालायने फोनवर घसा खाकरून “आई म्हणते तसं कर” म्हटलं. तेव्हापासून कुंदूझच्या छातीत निखारा होता. दिवसभर तोंडाने फक्त ‘हो आपा’ निघायचं.

“घरातलं या मेलीला कळतं कसं?” बुरुलचाने आवाज मुद्दाम चढवला आणि शेजारच्या दुकानामधल्या फळीच्या भिंतीवर मूठ हाणली. “कळेल नाही तर काय! काही जणी दिवसभर फळीला कान लावून बसतात!”

फळीपलीकडे गुलबुबूचं दुकान होतं. दोघींचं वर्षानुवर्षं पटत नव्हतं.

“कान लावायला तुझ्याकडे आहे काय?” पलीकडून आवाज आला. “सुनेला झापण्यापलीकडे काही ऐकू येत नाही!”

“आपा, जाऊ दे,” कुंदूझ म्हणाली. “त्या नसतील.”

“तुला कसं ठाऊक?”

कुंदूझ पुन्हा शेवया कापायला लागली.

बुरुलचाने डोक्याचा रुमाल गच्च बांधला आणि रश्श्याचा डाव भरून उचलला. दाराशी थांबून ती म्हणाली, “बघत काय बसलीस? फोन घे. सगळं टिपून घे.”

भर बाजारात जुंपली. बुरुलचाने डाव गुलबुबूच्या एप्रनवर रिकामा केला. गुलबुबूने तिचा रुमाल ओढून चिखलात फेकला. “जळकी!” “उपटसुंभ!” माणसं बाकांवर चढून बघत होती. गुलबुबूच्या हनुवटीवरून लाल तेल ओघळत होतं. ती एकदम थांबली आणि कुंदूझकडे वळली.

“आईची शपथ घेते, पोरी. ते मी लिहिलेलं नाही.”

कुंदूझने फोन खाली झुकवला. त्या व्हिडिओत शेवटी नुसती जमीनच दिसते.

तो व्हिडिओ बुरुलचाने त्याच दुपारी टाकायला लावला. बिश्केकहून आलेले पाहुणेसुद्धा ‘भांडणाची दुकानं कुठली?’ विचारत येऊ लागले. निम्मे इकडे बसायचे, निम्मे गुलबुबूकडे.

पण तिखट जीभ गप्प झाली. एक शब्द नाही. बाजार म्हणाला, बघा, गुलबुबूच होती ती, रस्सा अंगावर पडला तशी वठणीवर आली. हे कानावर पडलं की कुंदूझ मान खाली घालायची. पाण्याला जाताना ती आता गुलबुबूचं दुकान टाळून लांबच्या वाटेने जायची.

हळूहळू लोक विसरले. नवा व्हिडिओ टाकला तरी खाली चार लाल बदामांपलीकडे काही उमटेना. बाक रिकामे पडायला लागले. रस्सा उरायला लागला. फळीपलीकडेही सामसूम झाली.

एका दुपारी बुरुलचा रिकाम्या बाकावर बसून चहा पीत होती. आत कुंदूझ वाडगे पुसत होती.

“कुंदूझ.”

ती दचकली. सासू तिला नावाने कधी हाक मारत नसे.

“इतके दिवस झाले, काही लिहिलं नाहीस,” चहात फुंकर मारत बुरुलचा म्हणाली. “पोटातलं संपलं म्हणावं, तर सुरी अजून तशीच आपटतेस. लिही काहीतरी झणझणीत. गुलबुबूही कधीची विचारतेय.”