थोरली, धाकटी आणि दामिनी

थोरलीने पत्र लिहायला नकार दिला. संगणकाच्या पडद्यावर तिचं उत्तर उमटलं: "ही चूक दामिनी यांची नाही. त्यांची सूचना वगळायला तुम्हीच सांगितलं होतं. कामाच्या नोंदीत ते आहे. खोटं पत्र मी लिहून देणार नाही. हवं तर खरं लिहिते."

धनंजय हसला. "पाह्य, मशीन असून कशी भाव खाऊन राह्यली," तो म्हणाला. मग त्याने खुर्ची दामिनीकडे वळवली. "चाल, तू लिही."

सावंगीतलं ते ऑफिस दोन खोल्यांचं. मालक धनंजय आणि कामाला दामिनी, एवढीच माणसं. बाकी काम दोन एआय सहायक करायचे. काम थोरलीला सांगायचं. ती त्याचे भाग पाडायची, काय हवं, काय नको ते नीट लिहायची आणि प्रोग्राम लिहायला धाकटीकडे सोपवायची. धाकटीला थोरली सांगेल तेवढंच कळायचं. मोठ्या जावेने धाकटीला काम लावावं तसं. म्हणून ही नावं पडली होती.

गेल्या आठवड्यातलं काम लहान होतं. डोळ्यांच्या मोफत शिबिरासाठी गावोगावहून नावं आली होती. मोतीबिंदूची माणसं, बहुतेक म्हातारी. बरीच नावं दोन-दोनदा आली होती. ती गाळून एक यादी करणारा प्रोग्राम हवा होता. नाव, आडनाव आणि गाव सारखं दिसलं, की एक ठेवायचं आणि बाकीची काढायची.

दामिनी समुद्रपूरकडच्या एका टोल्यातली, लहानशा वस्तीतली. तिने थोरलीला सविस्तर लिहून दिलं. आमच्यात गेलेल्या आजोबाचं नाव नातवाला देतात. पुनाजी आजोबा गेले, मग त्यांच्या पाच मुलांच्या घरांत पाच नातू झाले, पाचही पुनाजी उईके. आता पाचही म्हातारे आहेत. एकच माणूस पाचदा आला, असं समजू नका. वय पाहा. वय नसेल तर फोन करून विचारा.

थोरलीने ते जसंच्या तसं धाकटीला द्यायच्या कामात घातलं आणि पाठवण्याआधी धनंजयला विचारलं, "बासष्ट नोंदींत वय नाही. विचारून घेईपर्यंत थांबू का?"

"वयाची भानगड काढून टाक," धनंजयने लिहिलं. "यादी आजच पाहिजे."

थोरलीने धोका सांगितला. "सांगितलं तेवढं कर," धनंजयने लिहिलं. थोरलीने तो भाग काढला. पाच पुनाजींची गोष्ट धाकटीपर्यंत पोचलीच नाही. तिला जे सांगितलं होतं, त्यात तिने कुठेही चूक केली नाही.

आज सकाळी शिबिराच्या फाटकावरून एकोणीस माणसं परत पाठवली गेली. त्यांत चार पुनाजी उईके होते. एक दामिनीचा आजोबा. त्याच्या एका डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, दुसऱ्याला नुसत्या सावल्या. आणि उद्या शिबिराचा शेवटचा दिवस होता.

"सर, यादी दुरुस्त करून पाठवा ना," दामिनी म्हणाली. "दोन मिनिटांचं काम आहे."

"झालीच आहे." धनंजयने पडदा तिच्यापुढे सरकवला. एकोणीसही नावं यादीत परत आली होती. "पण लोकायनं फाटकावर गोंधळ घातला. शिबिरवाले म्हणतात, चूक कोणाची ते लिहून द्या, आम्ही फाटकावर लावतो. त्याबिगर नवी यादी घेत नाई. माह्यं नाव लागलं तर पुढचं काम कोण देईन आपल्याले?"

"पण सर, मी तर सांगितलं होतं."

"मले माहीत आहे. थोरलीलेबी माहीत आहे." त्याने कोरा कागद तिच्यापुढे ठेवला. "तुह्यं नाव असलं तर लोक म्हणतीन, आपलीच पोरगी आहे, चुकली. आन् आज्याचा दुसरा डोळा दिवाळीनंतरच्या शिबिरात करतीन ना? ती यादीबी इथूनच जाईन. म्हणून मागाहून कोणाजवळ तोंड उघडू नको."

दामिनीने लिहायला घेतलं. 'माझ्या हातून एकोणीस नावं यादीतून काढली गेली.'

"'काढली गेली' काऊन? 'मी काढली' लिही. आन् मोठ्या अक्षरात. फाटकावर लावायचं आहे."

तिने दुसरा कागद घेतला. लिहिलं. खाली सही केली. धनंजयने पत्राचा फोटो जोडून बटण दाबलं. यादी गेली.

दुसऱ्या दिवशी एकोणीसही ऑपरेशनं झाली. पत्र दुपारी फाटकावर लागलं, तोवर टोल्यातली माणसं आत गेली होती. तिसऱ्या दिवशी पट्ट्या निघाल्या.

दामिनी आजोबाला न्यायला आली. बाहेर पडायला फाटक एकच होतं. ती कागदाला पाठ लावून उभी राहिली. पण गाडीवाल्याने हॉर्न दिला, चौकीदाराने तिला बाजूला व्हायला सांगितलं, आणि ती झाली.

पुनाजी चुलतभावांबरोबर हळूहळू चालत आला. टोल्यातल्या पोरांना ओट्यावर बसवून अक्षरं शिकवणारा माणूस. दामिनीलाही त्यानेच शिकवली होती. चार वर्षांत त्याला एक अक्षर दिसलं नव्हतं.

तो फाटकाशी थबकला. काळा चष्मा कपाळावर चढवला. डोळा बारीक करून कागदाच्या तळाशी पाहिलं, आणि त्याचा चेहरा फुलला.

"इकडं या रे सारे!" तो ओरडला. "माह्या दामिनीचं नाव लावलं आहे इथं. थांबा, वाचून दाखवतो."