माळ्यावरचा पिंजरा

फिरून आल्यावर नवऱ्याने पिंजरा चहाच्या टेबलावर ठेवला. आजही रिकामा. सासऱ्यांचा चेहरा पडला आणि सुनेला त्यांच्याकडे बघवेना.

त्यांच्या खोलीवरच माळा होता. तिथे उंदीर नाचतात, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, असं सासरे महिनाभर सांगत होते. दुसऱ्या कुणाला कधी काही ऐकू आलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, या वयात असे भास होतात. नवऱ्याने वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली. शनिवारपर्यंत उंदीर सापडला तर बाबा घरीच राहतील, नाहीतर रविवारी निघायचं, असं त्याने शांतपणे सांगून टाकलं.

माणूस तसा मुंगीलाही न दुखवणारा. विष घालायचं नाही, जिवंत धरून लांब शेतात सोडायचा, हा त्याचाच हट्ट. संध्याकाळी पाव लावणं आणि सगळे उठायच्या आत वर जाऊन बघणं, दोन्ही कामं त्याने अंगावर घेतली होती. त्यानंतर तो फिरायला जायचा. उंदीर चावेल, म्हणून इतरांना शिडी चढायची बंदी होती.

शुक्रवारी सुनेच्या पायाला भिंगरी लागली. धुतलेली भांडी तिने पुन्हा धुतली. खोलीत डोकावली तर सासऱ्यांनी कपड्यांच्या घड्या करून पलंगावर ठेवल्या होत्या.

"भास असतील गं," ते म्हणाले. "मलाच आता खात्री वाटत नाही."

ती पिशवी घेऊन तडक कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. गोदामात उंदरांचा सुळसुळाट झाल्याचं रडगाणं दुकानदार रोज गायचा. पण तिने जिवंत उंदीर मागितला तेव्हा तो बघतच राहिला. घरचे कमी पडले का, असं विचारत त्याने झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात एक लठ्ठ उंदीर घालून दिला. डब्याचे पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी नवरा पाव लावून खाली उतरला आणि आंघोळीला गेला. ती डबा घेऊन शिडी चढली. उंदीर पिंजऱ्यात ढकलून तिने दार पाडलं, कडी घातली, दोनदा ओढून बघितली. आयुष्यात एवढा मोठा खोटेपणा ती पहिल्यांदाच करत होती, आणि तिला त्याची जराही लाज वाटत नव्हती. सासऱ्यांचं घर वाचत होतं.

शनिवारी ती मुद्दाम चहाच्या वेळेपर्यंत स्वयंपाकघरातच रेंगाळली. मग कप घेऊन बाहेर आली. नवरा नुकताच फिरून आला होता.

पिंजरा टेबलावर होता. दार उघडं, आकड्याला पावाचा ताजा तुकडा. नवरा वडिलांच्या खुर्चीशेजारी बसला होता, त्यांचा हात हातात घेऊन.

"आजही नाही, बाबा," तो म्हणाला. "मी स्वतः वर जाऊन बघितलं."