टेकलेला गुडघा

अमेरिकन फुटबॉलचा मोसम संपला तेव्हा तीन कॉलेजांचे विजय सारखेच होते. पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि तिसऱ्याने पहिल्याला हरवलेलं. शेवटी अजिंक्यपद गुणांच्या फरकावर ठरलं, आणि कोच टॅकेटचा संघ तीन गुणांनी मागे राहिला.

सोमवारी सकाळीच क्रीडाप्रमुख डॉब्स यांनी त्याला बोलावून घेतलं.

"शेवटचा सामना. आपण चाळीस गुणांनी पुढे, गोलरेषा दोन हातांवर, मिनिटभर शिल्लक. आणि तुम्ही पोराला चेंडू घेऊन गुडघा टेकून खेळ तिथेच थांबवायला लावलात! हातचे सात गुण मातीत घातलेत, कोच."

"समोरची निम्मी पोरं लंगडत होती, साहेब. जिंकलेला सामना आपल्याकडे असाच गुडघा टेकून संपवतात."

"खड्ड्यात गेली ती रीत! माजी विद्यार्थी खवळलेत. हा तुमचा माफीनामा. सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

टॅकेटने कागद शेवटपर्यंत वाचला. पेनाला टोपण लावलं, टेबलावरची आपली टोपी उचलून डोक्यावर चढवली.

"गुडघा मी फक्त जिंकल्यावर टेकतो, साहेब."