सगळ्यात हलका पूल

"चष्मा काढायचा नाही. आधी त्या घरी जाऊन ये," बोडकेबाई म्हणाल्या.

नववीच्या अभियांत्रिकीच्या तासाला प्रत्येकाने चष्म्यातून दिसणाऱ्या, यंत्रातल्या गावात एक पूल बांधायचा असे. ज्याचा पूल पडेल, त्याने त्यात जीव गेलेल्यांच्या घरी भेटायला जायचं, हा शाळेचा नियमच होता. कस्तुरीने लोखंड वाचवून वर्गातला सगळ्यात हलका पूल बांधला होता. त्यासाठी टाळ्याही घेतल्या होत्या. काल तो पडला.

चष्म्यातल्या ओसरीवर एक बाई मुलीचं दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. ही माणसं खरी नाहीत, असं कस्तुरी स्वतःला बजावत होती.

"तू आमच्या सुमीच्या वर्गातली का गं?" बाईने विचारलं.

'पूल माझा होता' हे शब्द कस्तुरीच्या ओठांवर आले होते. पण तिने नुसती मान डोलावली. मग तिथे बसवेना, तशी ती उठली आणि सवयीने बोलून गेली, "येते हं."

सुतकाच्या घरातून निघताना 'येते' म्हणू नये, हे तिला मागाहून आठवलं. तिचे कान लाल झाले.

बाई मात्र रागावली नाही. "ये गं," ती म्हणाली. "नवा पूल झाला, की आमच्या धाकटीला हात धरून पलीकडे ने."