लिंबाभोवतीचं रिंगण

पोट फुगलेला घोडा खाली बसला की आतडी पिळतात आणि खेळ खलास, म्हणून त्याला सतत चालवत ठेवायचं. घोड्यांच्या दवाखान्यात हे काम बिरप्पाचं. त्या सकाळी दस्तगीर टांगेवाला आपला फुगलेला घोडा सोपवून सात रस्त्याला औषध आणायला गेला. बिरप्पानं धुरळा बसावा म्हणून पाणी शिंपडलं आणि घोडा आवारातल्या कडुलिंबाभोवती फिरवत राहिला. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला, तसं बिरप्पानं रिंगणावर पुन्हा पाणी शिंपडलं, एक फेरी मारली, पाण्याच्या हौदाला जरा टेकला आणि त्याचा डोळाच लागला.

दचकून उठला, तर घोडा लीद टाकून मोकळा झालेला, शांत उभा.

"वाचलं की जनावर! लई उपकार झाले, बिरप्पा," म्हणत औषध घेऊन परतलेला दस्तगीर घोडा घेऊन गेला.

बिरप्पा ओल्या रिंगणाकडे बघत राहिला. त्याची पावलं हौदापाशी थांबली होती. घोड्याच्या नालांचे ठसे मात्र पुढं फिरतच होते. आणि आतल्या अंगानं, जिथं तो स्वतः चालायचा तिथं, बिननालाच्या खुरांचे.

मेलेल्या जनावराचे नाल काढून ठेवायची तिथली रीत होती. खुंटीवर चंद्रीचे चार नाल होते. ती घोडी गेल्या साली ह्याच रिंगणात, त्याच्या मांडीवर डोकं टेकून गेली होती.

त्याचे डोळे भरून आले. नाल उतरवून त्यानं लिंबाच्या बुंध्याशी ठेवले.

"लई केलंस, बाई. अनवाणी नगं फिरू."

हात जोडून तो वळला. आवारात आता एकही घोडा नव्हता.

मागं लोखंड वाजलं. टाप, टाप. मग त्याच्या मानेवर ऊन श्वास आला.