समोरचं दार

दूरच्या शहरात माझी नात पहिलीत गेली, त्या वर्षी मी इथल्या रेडिओवर बोलू लागलो. कातडीच्या रंगावरून आम्हाला खोली, काम आणि शेजार कसा नाकारतात, ते दर गुरुवारी सांगायचो.

कार्यक्रम संपला की एका बाईंचा फोन हमखास यायचा. "दादा, आज चांगलंच झापलंत त्या लोकांना! मी एकटीच टाळ्या वाजवत बसले." खोलीत माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं, त्यामुळे त्या फोनची मी आठवडाभर वाट पाहायचो.

एकदा त्यांनी चहाला बोलावलं आणि पत्ता सांगितला. तो माझ्याच मजल्यावरचा होता, अगदी माझ्या दारासमोरचा. रविवारी इस्त्रीचा सदरा घालून मी बेल वाजवली. आत पावलं वाजली, दाराच्या भिंगातून कोणीतरी पाहिलं आणि कडी लागली.

गुरुवारी फोन आला. "किती वाट पाहिली हो, दादा! आणि नेमका तो समोरचा काळा दारात येऊन उभा. मी तर कडीच लावून घेतली. तुम्ही का नाही आलात?"

"नाही जमलं, ताई," मी म्हणालो.



ताई त्याच वर्षी, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वारल्या.